तबकडीबाहेरचे खाँसाहेब

महाराष्ट्रातल्या शास्त्रीय संगीतावर ज्यांनी सर्वांत खोल ठसा उमटवला अशा गवयांची नावं घ्यायची म्हटली, तर अल्लादियाखाँसाहेबांचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागतं. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर हे त्यांचे शिष्य. मल्लिकार्जुन मन्सूर हे त्यांच्या मुलांचे शिष्य. किशोरी आमोणकर मोगूबाईंच्या कन्या आणि शिष्या. एवढा मोठा हा वटवृक्ष, पण ज्या खोडातून तो फुटला त्या खोडाचा आवाज आज हयात असलेल्या रसिकांपैकी बहुतेक कोणीच ऐकलेला नाही. खाँसाहेब १९४६ साली वारले. तोवर ग्रामोफोनवाल्यांना हिंदुस्थानात येऊन ४४ वर्षं झाली होती, मुंबईत रेडिओ सुरू होऊन १९ आणि बोलपट येऊन १५. असं असताना बाजारात आलेली त्यांची एकही तबकडी नाही.

आजच्या दिवसांत ही गोष्ट विलक्षण वाटते. घरात बारसं असलं तरी पाळणा म्हणणाऱ्या आजीसमोर पाच मोबाइल धरलेले असतात. पाळणा कोणी ऐकत नाही, सगळे तो साठवत असतात. अशा काळात, ज्याच्यापाशी साठवण्याजोगं अफाट होतं आणि ज्याच्या दाराशी यंत्र आलेलं होतं, असा एक माणूस यंत्रासमोर न बसताच गेला. त्याने काय मिळवलं आणि आपण काय गमावलं, याचा हिशेब मांडावा असं बरेच दिवस मनात होतं. हिशेब मांडण्यातच माझी बँकेतली तीसेक वर्षं गेली, त्यामुळे ही खोड जाता जात नाही.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, जयपूरजवळच्या उनियारा संस्थानातला. मूळ नाव गुलाम अहमद. आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून अल्लाने दिलेला तो अल्लादिया. घराणं गवयांचं. आपले पूर्वज मूळचे ब्राह्मण, मुसलमानी अमलात धर्म बदलला, अशी समजूत त्या कुटुंबात होती आणि खाँसाहेब ती अभिमानाने सांगत. वडील अहमदखाँ मुलाच्या कोवळ्या वयातच गेले. पुढची तालीम चुलते जहांगीरखाँ यांच्याकडे झाली. तालीम म्हणजे आठवड्यातले दोन तास नव्हेत. आधी काही वर्षं नुसतं ध्रुपद, स्वर आणि लय हाडात मुरेपर्यंत. त्यानंतर ख्याल, तीही पुन्हा काही वर्षं. एवढं झाल्यावर लोकांसमोर बसायचं. जयपूरला मोठमोठ्या गवयांचं गाणं कानावर पडत होतं. त्यात मुबारकअलीखाँ यांच्या बिकट, अनपेक्षित वळणांच्या तानांनी या तरुणाला झपाटून टाकलं होतं.

तरुणपणी त्यांचा आवाज तेजस्वी आणि पल्लेदार होता, असं जुने लोक सांगत. तो गेला कसा, ही या आयुष्यातली सर्वांत बोलकी हकीकत आहे. आमलेता नावाच्या एका छोट्या संस्थानात ते गेले. तिथला अधिपती गाण्याचा वेडा. त्याला ऐकून समाधान होईना, आणि अन्नदात्याला नाही म्हणण्याची गवयाची प्राज्ञा नव्हती. दिवसामागून दिवस, तासन् तास गावं लागलं. शेवटी गळा बसला, आणि असा बसला की बराच काळ गाणं अशक्य झालं. पुढे आवाज परत आला, पण पहिला आला नाही. गोडी गेली, धार बोथटली.

जुन्या काळाविषयी बोलताना आपण एक सोयीस्कर चित्र रंगवतो. पूर्वी राजाश्रय होता, कलावंत निश्चिंत होते, कला शुद्ध होती, मग बाजार आला, यंत्र आलं आणि सगळं नासलं. खाँसाहेबांचा गळा यंत्राने नासवला नाही. एका दर्दी म्हणवणाऱ्या आश्रयदात्याच्या हावेने नासवला. गिऱ्हाईक एकच असलं म्हणजे तो बाजार नसतो, असं थोडंच आहे? उलट दहा गिऱ्हाइकं असली तर एकाला नाही म्हणता येतं. एकच असलं तर तेही जमत नाही.

गळा गेलेला गवई म्हणजे हात गेलेला सुतार. खाँसाहेबांनी मात्र याच मोडक्या पुंजीवर नवं दुकान मांडलं. जो आवाज आता गोडव्याने जिंकू शकत नव्हता, त्याच्यासाठी त्यांनी बुद्धीचं गाणं घडवलं. मोकळा आकार, लयीच्या मात्रेमात्रेला बिलगून चालणारी स्वरांची वाटचाल, एका स्वरवाक्याच्या शेपटातून दुसरं निघावं अशी अखंड गुंफण, आणि सरळ न जाता पेच घेत वर चढणारी तान. दोन राग एकमेकांत असे मिसळायचे की सांधा दिसू नये. बसंती केदार, नट कामोद, भूप नट, खट, बिहागडा असे अवघड राग या घराण्याची ओळख झाले. ज्याला पुढे जयपूर-अत्रौली घराणं म्हटलं गेलं, त्याची गायकी अशी एका अपघाताच्या पोटी जन्मली.

उत्तरेत, गुजरातेत भटकंती करून ते महाराष्ट्रात आले, आणि १८९५ साली कोल्हापूरला शाहू महाराजांनी त्यांना दरबारगायक म्हणून ठेवून घेतलं. बरोबर धाकटे भाऊ हैदरखाँ होते. शाहू महाराजांची कुस्ती, शिकार, सत्यशोधक चळवळ, वसतिगृहं हे सगळं आपल्याला शाळेत शिकवलं जातं. ज्या दरबारात मल्लांना खुराक मिळत होता त्याच दरबारात गवयांनाही मिळत होता, हे मात्र आपण विसरतो. अंबाबाईच्या देवळात या मुसलमान गवयाची सेवा रुजू होत असे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. सत्तावीस वर्षं हा आश्रय टिकला. खाँसाहेबांची गायकी पिकली ती इथे. पिकायला जो वेळ लागतो तो कोल्हापूरने दिला.

त्याच काळात, १९०२ साली, गायसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात उतरला आणि गौहरजानच्या तबकड्या निघाल्या. पाचसहा वर्षांत कलकत्त्यात तबकड्यांचा कारखाना उभा राहिला. आरंभीच्या त्या ध्वनिमुद्रणाची तऱ्हा आज ऐकली तर हसू येईल. मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून आलेल्या एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचं. आवाजाच्या धक्क्याने सुई हलणार आणि मेणाच्या चकतीवर रेघ उमटणार. हलका, नाजूक स्वर चकतीपर्यंत पोचायचाच नाही. तंबोरा जवळजवळ ऐकूच यायचा नाही. गाणं संपताच गायकाने आपलं नाव ओरडून सांगायचं, म्हणजे परदेशातल्या कारखान्यात चकत्यांची अदलाबदल होऊ नये. आणि या सगळ्याला वेळ किती? सुमारे तीन मिनिटं.

ज्यांनी ख्याल ऐकला आहे त्यांना या तीन मिनिटांचा अर्थ सांगायला नको. ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की विलंबित लयीत तालाचं एक आवर्तन पुरं व्हायलाच कधी कधी अर्धं-पाऊण मिनिट लागतं. बंदिशीचा मुखडा घेऊन गवई समेवर येतो, पुन्हा निघतो, रागाचं एक दार उघडून आत डोकावतो, परत येतो. अशी पंधरा-वीस आवर्तनं झाल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात त्या रागाचं घर उभं राहतं. तीन मिनिटांत ते घर दिसत नाही, घराची पाटी दिसते. म्हणून तबकडीसाठी गाणं बदललं. विलंबित वगळलं, मध्य आणि द्रुत लय उरली. आलापी आखडली, ताना पुढे आल्या. ठुमरी, नाट्यपद, भजन यांना तो साचा छान बसला. अब्दुल करीमखाँसाहेबांसारख्या थोरांनी त्या तीन मिनिटांतही अमृत भरलं, ही त्यांची थोरवी. पण साचा साचाच. वस्तू मापात बसवायची, माप वस्तूला लावायचं नाही, हा व्यापाराचा पहिला नियम संगीताला त्या दिवसापासून लागू झाला.

अल्लादियाखाँसाहेबांच्या गाण्याचं सारं सामर्थ्य त्या सलग, पदर उलगडत जाणाऱ्या बांधणीत होतं. ते तीन मिनिटांत कापायचं म्हणजे पैठणीचा रुमाल करण्यासारखं होतं. पण यंत्रापासून दूर राहण्यामागे नुसती रसिकता मानणं भाबडेपणाचं होईल. त्या काळच्या घराण्यांत विद्या ही इस्टेट होती. दुर्मिळ राग, अवघड बंदिशी परक्या कानावर पडू नयेत, पडल्या तर चोरल्या जातील, ही धास्ती सर्वांनाच असे. तबकडी म्हणजे घरातलं सोनं चौकात मांडणं. माझ्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर खाँसाहेबांचा विश्वास लॉकरवर होता, चलनावर नव्हता.

आणि पैशाला नाक मुरडणारे विरक्तही ते नव्हते. १९२२ साली शाहू महाराज गेले, कोल्हापूरचा आश्रय सरला आणि खाँसाहेब मुंबईला आले. तिथे धनिक शेठ होते, गाण्याचे क्लब होते, खाजगी मैफली होत्या. केसरबाईंनी १९२१ साली गंडा बांधला तेव्हा खाँसाहेबांनी अटी कडक घातल्या आणि मोबदला भरभक्कम ठरवला. दुसरीकडे मोगूबाईंची कथा. सांगलीत ही नाटक कंपनीतली पोरकी मुलगी घरात रियाज करीत होती. औषधोपचारासाठी सांगलीत आलेल्या खाँसाहेबांनी जाता-येता तो आवाज ऐकला आणि आपणहून शिकवायला सुरुवात केली. दोघींचं देणं वेगळं होतं, घेणं मात्र सारखंच होतं. दोघींकडून त्यांनी वर्षांमागून वर्षं मागून घेतली. पैसे कमीजास्त चालतील, वेळेत सूट नाही, असा हा व्यवहार.

मला खाँसाहेबांच्या चरित्रातलं मर्म इथे सापडतं. विद्या विकायला त्यांची ना नव्हती. ऐकणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने आयुष्यातला वेळ न मोजता ती उचलून न्यावी, ही गोष्ट मात्र त्यांच्या व्यवहारात बसत नव्हती.

आता माझ्यासारख्या मराठवाड्यातल्या माणसाने काही वेगळं सांगायला हवं. खाँसाहेब वारले तेव्हा आमचं नांदेड, लातूर निजामाच्या राज्यात होतं. कोल्हापूर, सांगली, मिरज, मुंबई या त्यांच्या वाटेवर आमचा मुलूख कधी लागला नाही. आमच्याकडे भजन होतं, भारूड होतं, संबळ-हलगी होती, माळेगावच्या जत्रेतली वाघ्या-मुरळी आणि लावणी होती. नांदेडला गुरुद्वाऱ्यात रागदारीतलं कीर्तन होतं आणि आजही रोज पहाटे होतं. परंतु जयपूर घराण्याचा ख्याल? तो आमच्यापर्यंत आला तो यंत्रातूनच. १९६८ साली परभणीला आकाशवाणी केंद्र सुरू झालं. आमच्या घरातल्या रेडिओच्या खरखरीतून मी पहिल्यांदा मोगूबाईंचं गाणं ऐकलं तेव्हा मला घराणं कळत नव्हतं, राग कळत नव्हता. एवढंच कळलं की आई हातातलं पीठ तसंच ठेवून थांबली आहे. ज्या माणसाने यंत्राकडे पाठ फिरवली, त्याची विद्या माझ्या आईला यंत्राने दिली. केवळ दर्दींच्या मैफलीत राहिली असती तर ती आमच्या गल्लीत सात जन्मांत आली नसती.

हे खाँसाहेबांच्या हयातीतच घडू लागलं होतं. त्यांचे शिष्य भास्करबुवा बखले यांनी १९१६ साली 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या. घराणेदार बंदिशींचा ऐवज बालगंधर्वांच्या गळ्यातून पिटातल्या प्रेक्षकापर्यंत आणि पुढे तबकड्यांतून गावोगाव पोचला. भास्करबुवांचं स्वतःचं गाणंही तबकडीवर नाही, हा आणखी एक चटका. केसरबाईंनी मात्र तबकड्या दिल्या, मोजक्या आणि आपल्या तोऱ्यात. मल्लिकार्जुन मन्सूर तर आधी तबकड्यांचेच गायक म्हणून नावारूपाला आले आणि मग खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांच्याकडे शिकायला गेले. १९३७ साली मंजीखाँ अकाली गेल्यावर त्यांना धाकटे बंधू भुर्जीखाँ यांनी शिकवलं. दार बंद ठेवलेल्या वाड्याला खिडक्या अशा पडत गेल्या.

शेवटची वर्षं खाँसाहेबांना जड गेली. १९३६ साली भाऊ हैदरखाँ गेले आणि वर्षभरात मुलगा. आपल्या आयुष्याच्या आठवणी त्यांनी नातू अझीझुद्दीनखाँ यांना सांगून लिहवून घेतल्या. गोविंदराव टेंब्यांनी त्यांचं चरित्र लिहिलं. गाणं साठवलं नाही, पण गाण्यामागची हकीकत साठवली. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आजच्या काळात त्यांना आणून बसवलं तर काय दिसेल? तीन मिनिटांची तबकडी त्यांना आखूड वाटली असेल, आता काही सेकंदांचं रीलही असतं. लातूर जिल्ह्यातल्या एका शाखेत मी असताना एक बँडमालक कर्जासाठी आला होता. क्लॅरोनेट, ढोल, हलगी मिळून चौदा माणसांचा त्याचा ताफा. लग्नवाले आता डीजे मागतात, म्हणून त्याला मोठे स्पीकर घ्यायचे होते. कागदपत्रं चोख होती, कर्ज मंजूर झालं, हप्तेही वेळेवर फिटले. बँकेच्या दृष्टीने उत्तम खातं. त्या चौदातले बारा जण पुढे काय करू लागले, हा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नव्हता. क्लॅरोनेटवाला एका मंगल कार्यालयात वाढपी म्हणून दिसला, एवढं मला माहीत आहे.

आणि शिकणाऱ्यांचं काय? लातूर पॅटर्नच्या आमच्या मुलखात गुणांची किंमत सर्वांना ठाऊक. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागले तसे गाण्याच्या क्लासला विद्यार्थी वाढले. परीक्षेपुरते राग बसतात, गुण मिळतात, अकरावीला तंबोरा माळ्यावर जातो. मी या मुलांना दोष देत नाही. माप आपणच त्यांच्या हाती दिलं आहे. मात्र त्यांतलीच एखादी मुलगी परीक्षा झाल्यावरही क्लासला येत राहते, असं शिक्षक सांगतात. त्या एकीसाठी हा सारा खटाटोप मला मान्य आहे.

त्याहून पुढची गोष्ट आता सुरू झाली आहे. २०२४ च्या जानेवारीत 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी ए. आर. रहमान यांनी शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने उभे केले. कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदलाही दिला. व्यवहार स्वच्छ झाला. पण मेलेल्या गळ्याकडून त्याने कधीच न गायलेलं गाणं गाऊन घेता येतं, हे त्यातून सिद्ध झालं. उद्या परवानगी न घेणारेही निघतील. यंत्राला नक्कल करायला नमुना लागतो. ज्यांच्या तबकड्या आहेत त्या सर्वांचे नमुने आहेत. अल्लादियाखाँसाहेबांचा नाही. मोठ्या गवयांत हा एक असा निघाला, की ज्याच्या तोंडी कोणी काही घालू शकणार नाही.

यात विजय मानावा की हानी? मला दोन्ही दिसतात. वेळेच्या बाबतीत खाँसाहेबांचं बरोबर होतं. ज्या कलेला पिकायला वर्षं लागतात ती मिनिटांच्या मापाने विकू लागलं की आधी तिची चव जाते आणि मग चव गेली आहे हे कळणारी जीभही जाते. यंत्राच्या बाबतीत मात्र मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. ज्यांना दरबार नाही, क्लब नाही, शेठ नाही, अशांसाठी थोडं मागे ठेवायला हवं होतं. त्यांच्या वयाच्या साठीत-सत्तरीत गायलेला एखादा बसंती केदार, खरखरीत आणि अपुरा का होईना, आज असता तर नांदेडच्या त्या क्लासमधल्या मुलीला समजलं असतं की आपण शिकतो आहोत ते कुठून आलं.

केसरबाईंनी दिलेल्या मोजक्या तबकड्यांपैकी भैरवीची एक, साडेतीन मिनिटांची, १९७७ साली अमेरिकेच्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अवकाशात गेली. पृथ्वीवरच्या संगीताचा नमुना म्हणून निवडलेल्या मोजक्या रचनांत ती आहे. यानं निघाली आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. त्यांतलं पहिलं यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. ज्या गुरूने घरातलं सोनं चौकात मांडलं नाही, त्याची तालीम ताऱ्यांच्या दिशेने चालली आहे. ती ऐकायला तिथे कोणी असेल का, हे सांगता येत नाही. इथे मात्र आपण आहोत. पुढच्या रविवारी तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून मोगूबाई किंवा मन्सूर यांचा एखादा ख्याल सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता ऐकावा. खाँसाहेबांनी शिष्यांकडून वर्षं मागितली होती. आपल्याकडून एक तास मागितला तर तो फार महाग नाही.